मद्यसम्राटाची खासदारकी

२ मार्च ही तारीख आंबेडकरी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९३० साली याच दिवशी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे आतून लावून घेतले गेले आणि आपली माणसे दाराबाहेर ठाण मांडून बसली. त्याच तारखेला २०१६ साली राज्यसभेचे एक सन्माननीय सदस्य दिल्लीच्या विमानतळावरून लंडनला निघून गेले. त्यांच्यासाठी एकही दरवाजा बंद नव्हता. सतरा बँकांचे मिळून, व्याज धरून, नऊ हजार कोटींच्या आसपास कर्ज थकलेले. सीबीआयने ऑक्टोबर २०१५ मध्ये 'दिसताच अडवा' अशी सूचना विमानतळांना दिली होती. पण महिनाभरातच ती बदलून 'फक्त कळवा' अशी केली. पुढे सीबीआयनेच ही निर्णयातील चूक होती असे सांगितले. या सदस्यांच्या खिशात होता खासदाराला मिळणारा राजनैतिक पासपोर्ट. संसदेने दिलेला मान माणसाला कुठपर्यंत पोचवतो, ते त्या दिवशी देशाने पाहिले.

विजय मल्ल्या यांच्याबद्दल आतापर्यंत पुष्कळ लिहून झाले आहे. बहुतेक लिखाण त्यांच्या पार्ट्या, बोटी, कॅलेंडर आणि क्रिकेट संघ यांभोवती फिरते. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले त्याच वर्तमानपत्रांनी पुढे त्यांना पायदळी घेतले. त्या करमणुकीत आपल्याला रस नाही. आपला प्रश्न एवढाच आहे की हा गृहस्थ देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहात एकदा नव्हे तर दोनदा पोचला कसा? कोणी पोचवला?

मल्ल्यांचा जन्म १९५५ चा, कोलकात्याचा. वडील विठ्ठल मल्ल्या हे युनायटेड ब्रुअरीजचे सर्वेसर्वा. १९८३ मध्ये वडील वारले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पोरगा गादीवर बसला. 'स्वकर्तृत्वाने मोठा झालेला उद्योजक' हे बिरूद त्यांना अनेकांनी लावले. कर्तृत्व नव्हते असे मी म्हणणार नाही. किंगफिशर बीअर घराघरात ओळखीची करणे, २००५ मध्ये शॉ वॉलेस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेणे, २००७ मध्ये स्कॉटलंडची व्हाइट अँड मॅके ५९ कोटी ५० लाख पौंडांना घेणे, ही कामे झोपेत होत नाहीत. पण वारशाने मिळालेल्या साम्राज्याला स्वकर्तृत्व म्हणायचे आणि आरक्षणाने मिळालेल्या कारकुनीला उपकार म्हणायचे, हा या देशाचा जुना रिवाज आहे.

आणखी एक गोष्ट. ताडी काढणे, दारू गाळणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या जातींना या समाजाने खालच्या पायरीवर बसवले. आमच्या वस्तीतली एखादी निराधार बाई हातभट्टीची बाटली विकताना सापडली तर पोलीस तिला फरफटत नेतात. तीच दारू सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील शेठजींच्या कारखान्यात, काचेच्या बाटलीत, पक्ष्याच्या चित्रासह भरली की ती 'उद्योग' होते आणि विकणारा 'किंग ऑफ गुड टाइम्स' होतो! पंचशीलातील पाचवे शील पाळण्यासाठी ज्या आयाबहिणींनी वस्त्यावस्त्यांतून दारूबंदीची आंदोलने केली, त्यांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. दारूच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी आली तेव्हा त्याच नावाचे पाणी आले, त्याच नावाचे कॅलेंडर आले आणि मे २००५ मध्ये त्याच नावाचे विमान आकाशात उडाले.

आता खासदारकीकडे वळू. २००२ साली मल्ल्या कर्नाटकातून राज्यसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. पाठिंबा काँग्रेस आणि देवेगौडांच्या जनता दलाचा. २०१० साली पुन्हा अपक्ष. या वेळी पाठिंबा जनता दलाचा आणि भाजपचा. म्हणजे कर्नाटकातल्या तिन्ही मोठ्या पक्षांनी आळीपाळीने या शेठजींना खांदा दिला. सेक्युलर आणि धर्मवादी, शेतकऱ्यांचे कैवारी आणि गरिबी हटाववाले, या सगळ्यांची भांडणे जिथे मिटतात अशी जागा या देशात कोणती, हे यावरून कळावे.

गणित साधे आहे. कर्नाटक विधानसभेत २२४ आमदार. चार जागांसाठी निवडणूक असेल तर निवडून यायला पहिल्या पसंतीची ४५ मते लागतात. फक्त पंचेचाळीस माणसे! लोकसभेला लाखो लोकांच्या दारात जावे लागते, उन्हातान्हात हिंडावे लागते, शिव्या खाव्या लागतात. इथे पंचेचाळीस माणसांना पटवले की काम झाले. कसे पटवतात, ते ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावे. २००३ मध्ये कायदा बदलला. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट गेली आणि गुप्त मतदानाऐवजी खुले मतदान आले. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. घोडेबाजार थांबावा म्हणून हे केले, असे सांगण्यात आले. कुलदीप नय्यर यांनी त्याला आव्हान दिले, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. घोडेबाजार किती थांबला माहीत नाही. मात्र पूर्वी एकेक आमदाराशी बोलावे लागे, आता पक्षाच्या मालकाशी बोलले की पुरते!

या दोन निवडणुकांच्या मध्ये एक प्रसंग घडला, तो आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा. मल्ल्यांनी २००३ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या जनता पक्षात प्रवेश केला आणि ते त्याचे राष्ट्रीय कार्याध्यक्ष झाले. २००४ साली कर्नाटक विधानसभेची निवडणूक आली. लंडनच्या लिलावात घेतलेली टिपू सुलतानची तलवार त्यांनी त्याच सुमारास जाहीर केली. पैसा होता, प्रसिद्धी होती, तलवारही होती. निकाल लागला तेव्हा जनता पक्षाची जागा आली शून्य.

आणि त्याच निवडणुकीत कोलार गोल्ड फील्ड्स या राखीव मतदारसंघातून एस. राजेंद्रन हे रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार निवडून आले. होय, आपल्या रिपब्लिकन पक्षाचे! सोन्याच्या खाणीत पिढ्यानपिढ्या राबलेले तमिळ दलित कामगार तिथे राहतात. २००१ मध्ये सरकारने ती खाण बंद केली आणि हजारो संसार उघड्यावर आले. त्या बेकार खाणकामगारांनी आपला माणूस विधानसभेत पाठवला. ज्यांना खरोखर जनतेकडे जाऊन मते मागावी लागतात त्या मैदानात धनदांडगा शून्यावर राहतो, आणि खिसा रिकामा असलेल्यांचा माणूस निवडून येतो. म्हणून तर धनदांडग्याला मागचे दार हवे असते.

तरीही ते दारच वाईट असे मला म्हणायचे नाही. कारण त्याच दाराने बाबासाहेब संसदेत गेले. जानेवारी १९५२ मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात बाबासाहेबांना १ लाख २३ हजारांवर मते पडली, तरी काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजारांनी पराभव केला. मते कुजवण्याचे राजकारण त्या वेळी कसे झाले, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घटनेच्या शिल्पकाराला लोकसभेत जाऊ दिले नाही. त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले. म्हणजे या सभागृहाचा खरा उपयोग असा की ज्याच्याजवळ विद्वत्ता आहे, विचार आहे, पण ज्याच्या जातीला हे बहुमत मते देत नाही, त्याला देशाच्या कारभारात बोलायला जागा मिळावी. आज तशी जागा किती जणांना मिळते? लोकसभेत आणि विधानसभेत घटनेने अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या. राज्यसभेत आरक्षण नाही. तिथे आपला माणूस जायचा तर तो कोणाच्या तरी मर्जीनेच जातो. आणि हे सांगताना आपल्या घरातली घाण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. राज्यसभेच्या एका जागेसाठी आपल्या गटांनी कोणाकोणाच्या बंगल्यांचे उंबरठे झिजवले, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. फरक एवढाच की शेठजींना पाठिंबा देणारे त्यांच्या घरी येतात, आपल्याला त्यांच्या घरी जावे लागते.

उद्योगपती संसदेत जाऊच नये असेही कोणी म्हणत नाही. के. के. बिर्ला तीन वेळा मिळून अठरा वर्षे राज्यसभेत होते. अनिल अंबानी २००४ मध्ये उत्तर प्रदेशातून गेले आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन मोकळे झाले. राहुल बजाज २००६ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून गेले. उद्या पुण्या-नागपूरचा एखादा दलित उद्योजक तिथे गेला तर आपण पेढेच वाटू. हरकत माणसाच्या धंद्याला नाही. विमान कंपनीचा मालक विमान वाहतुकीशी संबंधित संसदीय समितीवर बसतो आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही, याला हरकत आहे. ज्याच्या कंपनीने इंधनाचे पैसे थकवले, विमानतळाचे भाडे थकवले, तोच त्या खात्याला सल्ला देणार!

याची काळजी घटना लिहिणाऱ्यांना नव्हती असे कोणी समजू नये. डिसेंबर १९४८ च्या अखेरीस घटना समितीत के. टी. शहा यांनी सूचना मांडली की मंत्र्याने पद घेताना आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावेत. बाबासाहेबांचे उत्तर वाचण्यासारखे आहे. हेतू चांगला आहे, पण तुमची सूचना अपुरी आहे, असे त्यांचे म्हणणे. पद घेताना मालमत्ता सांगितली तर पद सोडतानाही सांगितली पाहिजे. दोन्हींतली वाढ पगारातल्या शिलकीने जुळत नसेल तर त्या माणसाला जाब विचारणारा कायदाही पाहिजे. तेवढे नसेल तर नुसत्या जाहीर करण्याने काय साधणार? शेवटी त्यांनी भिस्त ठेवली ती जागरूक लोकमतावर. ते लोकमत पुढची पन्नास वर्षे झोपले, हा काही त्यांचा दोष नव्हे. राज्यसभेची नीतिमत्ता समिती स्थापन झाली ती १९९७ मध्ये, आणि तिचे पहिले अध्यक्ष आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही सुरू झाली. सदस्य आपले संचालकपद, आपले शेअर त्यात लिहितो. लिहिले की संपले! जिथे हितसंबंध आहे त्या समितीवर बसू नये, एवढी साधी गोष्ट ती नोंदवही त्याच्याकडून करून घेऊ शकली नाही.

आता कर्जाचे पाहा. किंगफिशर एअरलाइन्सने आपल्या आयुष्यात एकाही वर्षी नफा दाखवला नाही. परदेशी उड्डाणासाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण होण्याची अट होती, म्हणून २००७ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये ती कंपनी सामील करून लंडनचे विमान सुरू केले. सामान्य माणसाला विमानात बसवणारी ती स्वस्त सेवा त्यात बुडाली. तोटा वाढत गेला तशी कर्जेही वाढत गेली. तारण काय? तर 'किंगफिशर' हे नाव! एका सल्लागार संस्थेने त्या नावाची किंमत चार हजार कोटींच्या वर लावली होती. २०११ मध्ये बँकांनी कर्जाचा काही भाग शेअरमध्ये बदलून घेतला. बाजारात चाळीस रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्यांनी ६४ रुपये ४८ पैशांना घेतला. घासाघीस करून भाजी घेणारी आपली माणसे असला व्यवहार करतील का? २०१६ मध्ये त्या नावाचा लिलाव ३६६ कोटी ७० लाखांच्या राखीव किमतीला काढला तेव्हा एकही गिऱ्हाईक आले नाही. मुंबई विमानतळाजवळचे किंगफिशर हाऊस दीडशे कोटींना काढले, तेव्हाही कोणी आले नाही. शेवटी २०२१ मध्ये ते सव्वाबावन्न कोटींना गेले.

माझ्या माहितीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेतून त्याला मालवाहू टेम्पो घ्यायचा होता. या योजनेत पाच टक्के स्वतःचे, वीस टक्के महामंडळाचे आणि पंचाहत्तर टक्के बँकेचे, असा हिशेब असतो. महामंडळाने प्रकरण मंजूर केले. बँकेने दोन जामीनदार मागितले, ते दिले. मग नोकरदार जामीनदार मागितले, तेही दिले. मग व्यवस्थापकाची बदली झाली आणि फाईल पहिल्यापासून सुरू झाली. दोन वर्षांनी त्याने नाद सोडला. आता तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. त्याच्याकडे तारण ठेवायला नाव नव्हते, आणि जे होते ते ऐकून साहेबाच्या कपाळाला आठी पडत होती. मल्ल्या देश सोडून गेल्यावर महिनाभरात, ५ एप्रिल २०१६ रोजी, सरकारने 'स्टँड अप इंडिया' योजना आणली. बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका दलित किंवा आदिवासी व्यक्तीला आणि किमान एका महिलेला दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यावे, अशी ती योजना. कागदावर उत्तमच होती. पण टेम्पोवाल्या मुलाच्या फाईलवर जो साहेब बसला होता तोच तिथेही बसलेला असे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना स्थगित झाला. कर्मचाऱ्यांना महिनोन्महिने पगार नव्हता. पगारातून कापलेला आयकरही सरकारजमा झाला नव्हता. यात वैमानिक होते तसे सामान उचलणारे, झाडलोट करणारेही होते. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, आपल्या वाढदिवशी, मालकांनी तिरुपतीला तीन किलो सोने वाहिले! शबरीमलाला त्यांनी यापूर्वीच सोने दिले होते. कर्नाटकातील कुक्के सुब्रह्मण्य मंदिराला सोन्याच्या मुलाम्याचे दरवाजे दिले. हे तेच मंदिर, जिथे ब्राह्मणांच्या उष्ट्या पत्रावळींवर लोळण्याच्या 'मडे स्नान' प्रथेवरून अनेक वर्षे आंदोलने झाली आणि २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगाराच्या घामाचे देणे राहिले आणि देवाच्या दाराला सोने लागले.

बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात महत्त्वाचे उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, असे मांडले होते. आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती राहिली तर राजकीय लोकशाही तिच्या ओझ्याखाली मोडेल, ही त्यांची भीती होती. मल्ल्या प्रकरणाने एक नवे चित्र दाखवले. पैसा सरकारी बँकांचा, म्हणजे लोकांचा. मालकी एकाची. नफा झाला असता तर त्याचा, तोटा झाला तो सगळ्यांचा. आणि वर त्याच माणसाला कायदेमंडळात खुर्ची!

मल्ल्यांची बाजूही नोंदवली पाहिजे. आपण चोर नाही, कंपनी तेलाच्या भावामुळे आणि मंदीमुळे बुडाली, असे ते सांगत आले. २०१७ मध्ये बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने देणे ६,२०३ कोटी आणि व्याज असे ठरवले. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की त्यांच्या मालमत्तेतून १४ हजार १३१ कोटी रुपये बँकांना परत मिळाले. मग माझ्याकडून दुपटीहून अधिक वसूल केले, आता मी गुन्हेगार कसा, असा त्यांचा सवाल आहे. जून २०२५ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी कर्मचाऱ्यांची माफीही मागितली. हिशेबाचा वाद न्यायालय सोडवील. पण पैसे वसूल झाले ते जप्ती आल्यावर. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल चार महिन्यांची शिक्षा दिली, ती आदेश असताना चार कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवल्याबद्दल. माफी मागणाऱ्याने इथे येऊन न्यायालयासमोर उभे राहायचे असते.

राज्यसभेच्या नीतिमत्ता समितीने २०१६ मध्ये त्यांच्या हकालपट्टीची शिफारस केली, पण तोवर त्यांनी लंडनहून राजीनामा धाडला होता. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार जाहीर केले. नव्या कायद्याखाली असे जाहीर झालेले ते पहिलेच. लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यार्पणाचा आदेश दिला. तत्पूर्वी न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ ची चित्रफीत मागवली होती. उजेड येतो का, हवा येते का, हे त्यांना पाहायचे होते. भारत सरकारने चित्रफीत पाठवली. कैद्यालाही माणूस समजणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या देशाच्या तुरुंगांत खटला न चालताच वर्षानुवर्षे पडून असलेल्यांमध्ये दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. हे सरकारचेच आकडे दरवर्षी सांगतात. जामिनासाठी दहा हजार भरता येत नाहीत म्हणून आत राहिलेल्या पोरांच्या बराकीची चित्रफीत अजून कोणी मागवलेली नाही.

आणि ती पंचेचाळीस मते? ती देणारे कोण होते, यावर या सगळ्या वर्षांत कोणी अवाक्षर काढले नाही. त्यांच्यापैकी किती जण पुन्हा निवडून आले, किती मंत्री झाले, हे कोणी मोजले नाही. राज्यसभेच्या खुल्या मतदानात आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, ज्यांनी त्याला निवडून दिले त्यांना दाखवत नाही. कर्नाटकात तसे, तसेच महाराष्ट्रातही. पुढच्या वेळी आपला आमदार वस्तीत येईल, समाजमंदिराच्या फरशीचे उद्घाटन करायला किंवा १४ एप्रिलला हार घालायला. तेव्हा त्याला चहा पाजून एवढे विचारायला काय हरकत आहे, की साहेब, राज्यसभेला पहिली पसंती कोणाला दिली होती?